शेजारची बहिणाई

(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त भरलेल्या माता-भगिनींच्या मेळाव्यातील भाषण)



मंदिराचा जीर्णोद्धार म्हटला की पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव निघते. काशीविश्वेश्वराचे आजचे मंदिर त्यांनी १७८० साली बांधविले. देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा उभारल्या. त्यांचे स्मरण व्हायलाच हवे. परंतु आजचा विषय राणीचा नाही, शेजारणीचा आहे. जिने कधी देऊळ बांधले नाही, जिच्या नावाची पाटी हयातीत कोठे लागली नाही, जिला अक्षरओळख नव्हती, आणि जी आयुष्यभर पहाटे उठून दळीत राहिली, अशा एका बाईचा हा विषय आहे. तिचे नाव बहिणाबाई चौधरी.

नाव ऐकताच पुष्कळांच्या माना डोलल्या. तरी आरंभीच एक खुलासा केलेला बरा. तुकोबारायांच्या शिष्या असलेल्या संत बहिणाबाई या वेगळ्या. त्या सतराव्या शतकातल्या, त्यांचा काळ १६२८ ते १७००. भजनी मंडळात दोघींची गल्लत नेहमी होते आणि एकीचे चरित्र दुसरीला चिकटते. येथे बोलावयाचे आहे ते आपल्या खानदेशच्या बहिणाबाईंविषयी, ज्यांना जळगावकडची माणसे मायेने बहिणाई म्हणतात.

जळगावजवळच्या असोदे गावी, महाजनांच्या शेतकरी घरात, १८८० साली त्यांचा जन्म झाला. वडिलांचे नाव उखाजी, आईचे भीमाबाई. भावंडांनी भरलेले घर. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरी यांच्या घरात त्या सून म्हणून आल्या. असोदे ते जळगाव हे अंतर काही फार नाही. सकाळी निघालेला माणूस न्याहारीच्या वेळेला पोहोचतो. पण सासुरवाशिणीचे अंतर कोसांत मोजत नाहीत, हे येथे बसलेल्या बायांना सांगावयास नको. ती आखाजीची वाट पाहत असते. अक्षय्यतृतीयेला लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात आणि चार दिवसांनी डोळे पुसून परत जातात. बहिणाबाईंच्या गाण्यांत ही आखाजी आहे, आणि माहेरची वाटही आहे. ज्या वाटेने पाऊल पुन्हा पुन्हा गेले, त्या वाटेवरचा दगडधोंडाही त्यांनी गाण्यात घेतला.

आता एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. १९०७ साली जळगावात महाराष्ट्रातील कवींचे पहिले संमेलन भरले. दूरदूरचे कवी आले. धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या कोवळ्या मुलाने तेथे कविता म्हटल्या आणि त्याला 'बालकवी' ही पदवी मिळाली. मराठी कवितेच्या इतिहासात हे संमेलन कायमचे नोंदले गेले. त्याच वर्षी, त्याच जळगावात, चौधरींच्या घरी बहिणाबाईंना मुलगा झाला, तो सोपान. संमेलनाच्या मंडपातल्या एकाही माणसाला ठाऊक नव्हते की याच गावात एक सत्तावीस वर्षांची बाई आहे, आणि तीही कविता करते. तिला स्वतःलाही ते ठाऊक नव्हते. ती म्हणत होती ती गाणी. दळताना म्हणावयाची, निंदताना म्हणावयाची. कविता हा शब्द मंडपातल्या माणसांचा.

तिसाव्या वर्षी नथूजी गेले. सोपान तेव्हा तीनएक वर्षांचा. काशी नावाची मुलगी, ओंकार आणि सोपान हे दोन मुलगे. त्या काळी प्लेगने गावेच्या गावे रिकामी होत होती. १८९६ साली हा रोग मुंबईत आला आणि पुढे कित्येक वर्षे फिरून फिरून येत राहिला. उंदीर पडू लागले की लोक घराला कुलूप घालून रानात झोपड्या करून राहावयाचे. या रोगाने ओंकारला गाठले. जीव वाचला, पण शरीर कायमचे अधू झाले. अंगावर तीन मुले, त्यांतला एक पंगू, कपाळाचे कुंकू पुसलेले आणि शेतीचा गाडा ओढावयाचा, अशी ही स्थिती. यावर त्यांनी गाणी रचली आहेत. त्यांत रडगाणे फारसे नाही. दारी आलेल्या ज्योतिषाला त्या परत पाठवितात, ते गाणे तुम्ही ऐकले असेल. त्यातला करारीपणा ऐकून एखाद्या शिकलेल्या माणसानेही खाली पाहावे.

तेव्हा शेतकऱ्याच्या बाईचा दिवस कसा असे, हे तरुण मुलींना सांगितले पाहिजे. कारण गिरणी, नळ आणि गॅस यांनी तो दिवस पुसून टाकला आहे. तो पुसला गेला हे उत्तमच झाले. त्यात परत आणण्यासारखे काही नाही. पण तो होता हे ठाऊक असावे.

कोंबडा आरवण्याच्या आधी उठावयाचे. जात्यावर बसावयाचे. आपल्याकडे त्याला घरोटा म्हणतात. ज्वारी दळावयाची, कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारीत उडीद मिसळून दळावयाचे. दहा-बारा तोंडांच्या घराला लागणारे पीठ रोजच्या रोज काढावयाचे, कारण ज्वारीचे पीठ फार दिवस ठेवले की विरी जाते आणि भाकरी थापता तुटते. एका हाताने खुंटा फिरवावयाचा, दुसऱ्या हाताने मूठ मूठ दाणा तोंडात घालावयाचा. समोरासमोर दोघी बसल्या तर भार निम्मा. म्हणून सासू-सुना, जावा-जावा आणि पुष्कळदा शेजारणी एकमेकींकडे दळावयास बसत. आज माझे, उद्या तुझे. मग झाडलोट, शेणगोठा, पाणी. चूल पेटवावयाची. ओल्या लाकडाचा धूर डोळ्यांत जातो आणि चूल काही पेटत नाही, ही कटकट बायांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसली. बहिणाबाईंनी तिच्यावर गाणे केले आणि त्यात चुलीशी भांडण मांडले. घरात विस्तव विझलेला असेल तर शेजारणीकडून निखारा आणावयाचा. विरजण संपले असेल तर तेही तिच्याकडूनच. बाळंतीण अडली, म्हातारे माणूस गेले, गाय व्यायली, पाहुणे अवेळी आले, की पहिली हाक भिंतीपलीकडे. सरकारी दवाखाना, पतपेढी, बालवाडी यांतले काही नव्हते, तेव्हा या सगळ्यांचे काम जी करीत असे तिचे नाव शेजारीण.

घरचे आटोपले की शेत. खानदेश हा कपाशीचा मुलूख. दिवाळीच्या सुमारास बोंडे फुटू लागली की वेचणीचे काम बायांचे. ओटी बांधावयाची, वाकून वेचावयाचे, ओटी भरली की ढिगावर रिकामी करावयाची. बोंडाची वाळलेली टोके नखांच्या कडेला रुततात, बोटे सोलवटतात. ती बोटे घेऊन रात्री पुन्हा भाकरी थापावयाची. पेरणी, कापणी, मळणी, उपणणी, मोट, यांतले एकेक काम बहिणाबाईंच्या एकेका गाण्याचा विषय झाले आहे. बांधावर उभे राहून शेत पाहणाऱ्या माणसाला ही गाणी सुचली नसती. उपणणीचेच पाहा. तिवईवर उभे राहून पाटीतला माल वरून सोडावयाचा, म्हणजे दाणा खाली पडतो आणि भूस वाऱ्याबरोबर जाते. पण वारा पडलेला असेल तर? तर नुसते उभे राहावयाचे, हात वर धरून. त्या ताटकळण्यातून त्यांनी वाऱ्याला हाक घातली आहे. ज्याने खळ्यावर वाऱ्याची वाट पाहिली आहे त्यालाच ती हाक नीट ऐकू येते.

सुगरणीच्या घरट्यावरचे त्यांचे गाणे शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. विहिरीवर ओणवलेल्या फांदीला टांगलेले ते घरटे आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे. येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. पक्ष्यांचा अभ्यास करणारे सांगतात की ते घरटे विणतो तो नर. मादी नंतर येते, पाहणी करते, पसंत पडले तर राहते. मग विणणाऱ्या पाखराला आपण सुगरण का म्हणतो? याचे उत्तर असे दिसते की, इतके नीट, इतके चिकाटीचे घरकाम पुरुषाचे असेल असे आपल्या बापजाद्यांच्या मनातही आले नाही. जगात बाईच्या कामाचे श्रेय पुरुषाला गेल्याची उदाहरणे पोत्याने सापडतील. उलटे घडल्याचे एवढे एकच दिसते, तेव्हा देवानेच कोठे तरी थोडी भरपाई केली म्हणावयाची.

असो. बहिणाबाईंची गाणी कागदावर कशी आली, ती हकीकत मोठी हृद्य आहे. सोपान शाळेत जाऊ लागला. एके दिवशी त्याने पाठ्यपुस्तकातली सावित्री-सत्यवानाची गोष्ट आईला वाचून दाखविली. आईने ऐकून घेतली आणि कामाला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्या गोष्टीचे गाणे तयार होते. मुलाच्या ध्यानात आले की आपण शाळेत पाठ करतो त्या जातीचे हे काही तरी आहे. तेव्हापासून तो आणि त्याचा मावसभाऊ पितांबर चौधरी हे दोघे आईची गाणी वहीत उतरवून घेऊ लागले. आई सांगावयास बसत नसे. सांगावयास बसण्याला वेळ कोठला? ती कामात असे, गाणे कामाबरोबर निघे, आणि जे मुलांच्या कानावर पडले आणि ज्या वेळी हाताशी वही होती, तेवढे राहिले. बाकीचे पिठाबरोबर सांडले. मुले शाळेत गेली असतील तेव्हाची, सोपान जन्मण्याच्या आधीची, तेराव्या वर्षापासून पुढल्या कितीतरी वर्षांची गाणी कोणी लिहिली असणार?

बहिणाबाईंनी छापखान्यावरही गाणे केले आहे. छापलेले एक अक्षरही ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांनी खटखट चालणारे ते यंत्र पाहिले आणि त्याच्यावर विचार केला. त्याच यंत्रातून पुढे आपले पुस्तक निघणार आहे, ही कल्पना मात्र त्यांना शिवली नसेल.

सोपानदेव पुढे स्वतः नावाजलेले कवी झाले. 'काव्यकेतकी' हे त्यांचे पुस्तक जुन्या वाचकांना आठवत असेल. मोठमोठ्या साहित्यिकांत त्यांची ऊठबस होती. तरीही आईची वही बरीच वर्षे पेटीत राहिली. गाणी खेडवळ बोलीतली, विषय चूल-जात्याचे. शहरातल्या विद्वानांपुढे ती ठेवावीत की नाही, असा संकोच त्यांना वाटत होता, असे सांगतात. यात त्यांना दोष देण्यासारखे काही नाही. आपल्यापैकी कितीजण शहरातले पाहुणे आले म्हणजे आईला आत बसा म्हणून सुचवितात, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी पाहावे. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई जळगावात वारल्या. वय एकाहत्तर. गावाच्या दृष्टीने एक कष्टाळू, मायाळू, बोलण्यात पटाईत अशी म्हातारी शेतकरीण गेली. शेजारणींनी डोळ्यांना पदर लावला असेल, पोरांना सांभाळून घेतले असेल, आणि तिसऱ्या दिवसापासून आपापल्या कामाला लागल्या असतील.

त्यानंतर सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखविली. अत्रे म्हणजे प्रचंड माणूस. नाटक, चित्रपट, वृत्तपत्र, विडंबन, सगळीकडे हात फिरलेला. वाईटाला वाईट म्हणावयास न कचरणारा. ती गाणी ऐकून ते अक्षरशः हरखून गेले. हे धन महाराष्ट्रापासून लपवून ठेवणे हा गुन्हा आहे अशा आशयाचे काही तरी ते बोलले, असे सांगतात, आणि पुस्तक काढावयास लावून त्यांनी स्वतः त्याला प्रस्तावना लिहिली. १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाले. बहिणाबाईंना जाऊन जेमतेम वर्ष झाले होते.

पुढचे सगळ्यांना माहीत आहे. १९६१ साली 'मानिनी' चित्रपटात ही गाणी आली आणि ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्याही तोंडी झाली. शाळेच्या पुस्तकांत आली. आपल्या भागाचे विद्यापीठ १९९० साली सुरू झाले, त्याला २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. ज्या बाईला सही करता येत नव्हती तिच्या नावाचे प्रमाणपत्र घेऊन आज आपली मुले-मुली पदवीधर होतात. जुन्या जळगावातले त्यांचे राहते घर स्मारक म्हणून जतन केले आहे. मंडळींनी जळगावला बाजाराला गेल्यावर अर्धा तास काढून ते अवश्य पाहावे.

या पुस्तकाने आणखी एक काम केले. त्याचा डंका कमी वाजला, पण आपल्या दृष्टीने ते मोठे आहे. आपली बोली छापून आली. लेवा गणबोलीत 'ळ' तोंडात येत नाही, तेथे 'य' येतो. पोळ्याला पोया, डोळ्याला डोया. हे ऐकून पुण्या-मुंबईकडचे लोक हसत असत आणि आपली शिकावयास गेलेली मुले ओशाळून गप्प बसत. १९५२ नंतर ती बोली पुस्तकात जशीच्या तशी उतरली, आणि प्राध्यापक मंडळी तिचा अर्थ विचारावयास खेड्यात येऊ लागली. एवढे होऊनही आज घराघरांत काय दिसते? नात आजीसारखे बोलली तर सूनबाई तिला अडविते, नीट बोल म्हणते. सूनबाईला राग येऊ नये, तिचा हेतू चांगला असतो. मुलीने शहरात मागे पडू नये एवढेच तिच्या मनात असते. तरी आजी नीटच बोलत होती, एवढे नातीच्या कानावर घातले तर बरे होईल.

आता या सगळ्याचा आपल्या गावाशी काय संबंध, असे कोणी विचारील. देणगीदारांची यादी या स्मरणिकेत छापावयाची आहे. ज्यांनी पैसा दिला, सिमेंट दिले, लोखंड दिले, फरशी दिली, त्यांची नावे रकमेसह येतील. ते योग्यच आहे. त्यांच्या औदार्यावाचून कळस चढला नसता. परंतु अशा यादीला एक रकाना नेहमी कमी पडतो. गवंड्यांना पाणी कोणी दिले, चुन्या-विटांच्या पाट्या कोणी उचलल्या, कामावरच्या माणसांच्या भाकरी कोणाच्या चुलीवर झाल्या, देवळाचे आवार वर्षानुवर्षे पहाटे कोण झाडीत आले, याची पावती फाडलेली नसते. पावती नाही म्हणून नाव नाही. पुढल्या पिढीला वाटेल की या बायका गावात नव्हत्याच. बहिणाबाईंच्या बाबतीत हेच होणार होते. ते टळले ते एका शाळकरी पोराच्या वहीमुळे.

आणि त्या एकट्या होत्या असे समजू नये. त्यांची प्रतिभा असामान्य, यात वाद नाही. प्रत्येक दळणारी बाई बहिणाबाई नव्हती. परंतु प्रत्येक दळणाऱ्या बाईजवळ ओव्या होत्या. आपल्या अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन' या ग्रंथात अशा ओव्या गोळा करून ठेवल्या. पुढे हेमा रायरकर आणि गी पॉइटविन या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राची खेडी पालथी घातली, तेव्हा एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. एक लाख! या बायांनी त्या कोणाला दाखविण्यासाठी रचल्या नव्हत्या. भाऊ आला नाही, पाऊस आला नाही, सासू कडक आहे, शेजारीण बहिणीसारखी आहे, लेक सासरी गेली, विठोबा तिकडे पंढरीला उभा आहे आणि जावयास सवड नाही. हे सगळे कोणाला सांगावयाचे? तर जात्याला.

मग गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या. आधी तेलाच्या इंजिनावर, मागाहून विजेवर. बायांच्या खांद्यांना आराम मिळाला. पहाटेची दोन तास झोप मिळाली. जाते कोपऱ्यात गेले, पुढे अंगणात गेले, काही ठिकाणी पायरीला बसविले गेले, आणि आता तर नव्या बंगल्यापुढे शोभेला ठेवतात, वर तुळशीची कुंडी. लग्नात हळद दळण्यापुरते ते अजून लागते. ज्या मुलींनी शेवटच्या शेवटी रोजच्या दळणासाठी खुंटा धरला त्या आज पंचाहत्तर-ऐंशीच्या घरात आहेत. आपल्या गावात अशा किती उरल्या आहेत हे बोटांवर मोजता येईल. त्यांतल्या काही या मंडपात बसलेल्या आहेत. गुडघे धरले आहेत, दिसावयास कमी झाले आहे. त्यांना ओव्या म्हणा म्हटले तर त्या लाजून पदर तोंडाला लावतील आणि म्हणतील, "आम्हाले काय येतं, बापा."

त्यांचे ऐकू नये. जळगावातही कोणी विचारले असते तर हेच उत्तर मिळाले असते.

समितीने यासाठी एक ठराव केला आहे, तो येथे सांगून भाषण संपवावयाचे आहे. छापावयाच्या स्मरणिकेत शेवटची चार पाने कोरी राहतील. जाहिरात मिळाली नाही म्हणून ती कोरी राहिली असे कोणी समजू नये. स्मरणिका प्रत्येक घरी जाणार आहे. घरात आजी असेल तर तिच्या, नसेल तर शेजारच्या आजीच्या ओव्या शाळेत जाणाऱ्या मुला-मुलींनी त्या पानांवर लिहून घ्याव्यात. ती जशी बोलेल तशाच लिहाव्यात, 'ळ'च्या जागी 'य' आला तर 'य'च लिहावा, शुद्धलेखन सुधारू नये. वर तिचे नाव लिहावे, अमक्याची आई किंवा तमक्याची बायको असे नव्हे, तिचे स्वतःचे. आणि तिच्या माहेरच्या गावाचे नाव. पाने संपली तर वही घ्यावी. आणि एक सूचना आहे. ओव्या गोळा करणाऱ्यांचा असा अनुभव आहे की पुष्कळ बायांना नुसते बसून ओवी आठवत नाही. तेव्हा अडगळीतला घरोटा आधी बाहेर काढावा, पुसून आजीपुढे मांडावा, मूठभर ज्वारी द्यावी आणि खुंट्याला तिच्या हाताबरोबर आपलाही हात लावावा.